जेवलात का?

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते नऊ मी घणसोलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराचं दार लावून बसते. भात झालेला असतो, कणीक मळून झाकलेली असते. ओट्याजवळच्या स्टुलावर बसून संस्थेनं दिलेला फोन सुरू करते. साधा, बटणांचा फोन. घरच्यांना एवढंच माहीत आहे की मी एका संस्थेसाठी फोन करते. कुणाला आणि कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शेजारी वही असते. वहीत नावं नाहीत, आकडे आहेत, आणि आकड्यापुढे मला ओळख पटावी म्हणून एखादा शब्द. 'रंगारी'. 'तिसरा जिना'. 'जुळी'. 'हं'.

त्यांच्या फोनमध्येही मी माझ्या नावानं नाही. कुणाकडे मी 'शिलाईवाल्या ताई' आहे, कुणाकडे 'भिशी', एकाकडे 'गॅसवाले'. ही सगळी माणसं एचआयव्हीबरोबर जगतात आणि रोज एक गोळी घेतात. गोळ्या नव्यानं सुरू झाल्या की पहिले काही महिने, किंवा मध्येच दिवस कठीण आले की, कुणीतरी आपल्याला फोन करत राहावा असं त्यांनी स्वतः संस्थेला सांगितलेलं असतं. मी २०१७ पासून हे काम करते. दिवसा एका छोट्या कंपनीत हिशेब लिहिते. इथे ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची राहण्याची ठिकाणं, कामं, घरची माणसं, हे सगळं मी बदललेलं आहे. वहीतले ते शब्दसुद्धा.

पहिल्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या समुपदेशक बाईंनी एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. "गोळी घेतलीत का, असं विचारायचं नाही." मला ते विचित्र वाटलं. ज्यासाठी फोन करायचा तेच विचारायचं नाही? त्या म्हणाल्या, "त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. मग पुढे बोलायला काही उरत नाही."

ते खरं आहे. या गोळ्या देणाऱ्या सेंटरवर बाटली उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात. जास्त उरल्या तर बोलणी बसतील या भीतीनं लोक आदल्या दिवशी चार-पाच गोळ्या मोरीत टाकून हिशेब जुळवून नेतात. एका बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या. गोळ्या चुकल्या म्हणून नाही, तर ज्या गोळीवर आपला जीव आहे ती पाण्यात सोडावी लागली म्हणून. एका सेंटरवर त्यांना सगळ्यांसमोर कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. तेव्हापासून त्यांनी खरं सांगणं बंद केलं होतं. रागावून कुणाची गोळी नियमित झालेली मी आजवर पाहिलेली नाही. हिशेब मात्र नियमित होतो.

गोळी एकच, पण ती रोजच लागते. तिच्यात तीन औषधं आहेत, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, आणि तीस गोळ्यांची एक बाटली. २००४ च्या १ एप्रिलपासून सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची ही औषधं, मोफत मिळू लागली. त्याआधीची बाजारातल्या औषधांची किंमत ज्यांना परवडली नाही, त्या घरांतले फोटो मी पाहिले आहेत, हार घातलेले. पूर्वी सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींची संख्या, ठरावीक आकड्याच्या खाली येईपर्यंत थांबायला लागायचं. २०१७ मध्ये धोरण बदललं, चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच गोळ्या सुरू. फार चांगलं झालं. पण त्यामुळे एक नवी अडचण आमच्या वहीत आली. पूर्वी माणूस अगदी खंगल्यावर गोळ्या सुरू करायचा आणि तीन महिन्यांत त्याच्या अंगावर मांस चढायचं, गोळीचा गुण त्याला आरशात दिसायचा. आता धडधाकट, हमाली करणारा, दिवसाला दोन शिफ्ट ओढणारा माणूस गोळी सुरू करतो. त्याला आधीही काही होत नव्हतं, नंतरही काही होत नाही. मग त्यानं कशाच्या जोरावर रोज बाटली उघडायची?

उत्तर रक्तात आहे, आणि रक्त दिसत नाही. गोळी चालू असते तोवर विषाणूला नवी पिलावळ काढता येत नाही, पण शरीरात तो दडून राहतोच. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढलेला दिसतो. आज घेतली, चार दिवस नाही, परत दोन दिवस घेतली, अशी धरसोड केली की औषधाला न जुमानणारा विषाणू तयार व्हायला वाव मिळतो. उलट, नियमित घेतली आणि चाचणीत विषाणू सापडेनासा झाला, आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे वाक्य मी फोनवर जितक्या वेळा म्हटलं आहे तितकं दुसरं कुठलंच नाही. दर वेळी पलीकडे शांतता पसरते. एकदा एका माणसानं विचारलं, "म्हणजे मी तिच्या शेजारी झोपू शकतो?" लग्नाला अकरा वर्षं झालेला माणूस. दोन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपत होता.

तर, पहिला प्रश्न गोळीचा नाही. मग कोणता? आपल्याकडे फोनवर काय विचारतात, तोच. जेवलात का?

ते आमच्यात खुणेचं वाक्य झालं ते 'तिसरा जिना'मुळे. ती तुर्भ्याला एका चाळवजा इमारतीत राहते. दोन खोल्या, सहा माणसं, सासूबाई दिवसभर घरात. तिच्या आजाराविषयी फक्त नवऱ्याला माहीत आहे. बाटलीवरचा कागद तिनं पहिल्याच दिवशी नखानं खरवडून काढला होता. बाटली खुळखुळते म्हणून आत कापूस कोंबला होता आणि ती तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या तळाशी ठेवली होती. रोज रात्री तांदूळ निवडायचं निमित्त करून ती हात आत घालायची. मी फोन केला की ती तिसऱ्या जिन्यावर जाऊन बोलायची, पण दर वेळी उठून जाणं जमेना. एके दिवशी मी सवयीनं म्हटलं, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणाली, "हो ताई, आत्ताच जेवले, नऊला." मग थोडं थांबून, "कालचं मात्र राहिलं." मी समजले. तेव्हापासून जेवण म्हणजे गोळी. 'जेवले' म्हणजे घेतली. 'अजून जेवायचंय' म्हणजे राहिली आहे, आठवण केलीत बरं झालं. आणि जवळ कुणी असेल, बोलता येत नसेल, तर म्हणायचं, 'आज उपास आहे'. की मी लगेच फोन ठेवायचा.

ही भाषा तिची. मी ती दुसऱ्यांना दिली आणि ती सगळ्यांना फार सोयीची झाली. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत दारात उभं राहून माणूस मोठ्यानं सांगायचा, "जेवलो, जेवलो!" शेजारच्याला काय कळणार?

खऱ्या उपासांचे प्रश्नही असतातच. नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर राहणारी बाई विचारते, गोळी चालेल का. रोजे धरणारा विचारतो, वेळ बदलली तर चालेल का. या गोळीला अन्नाची अट नाही, रिकाम्या पोटीही घेता येते. वेळ आपल्या दिवसाला जुळेल ती धरावी, पहाटेच्या सहरीची धरली तरी चालते, फक्त एक धरली की ती सांभाळावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, पित्ताची काही औषधं मात्र हिच्याबरोबर कशी घ्यायची ते सेंटरवर विचारून घ्यावं लागतं, नाहीतर ही नीट शोषली जात नाही. आषाढ संपता संपता, गटारीच्या सुमाराला, मी पुरुषांना मुद्दाम एक फोन जास्तीचा करते. प्यायल्यावर गोळी घेतली तर विष होतं, असा एक समज आहे. मग लोक प्यायच्या दिवशी गोळी सोडतात, आणि ज्याचा प्यायचा दिवस आठवड्यातून चारदा येतो त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. मी त्यांना दारू सोडा असं लगेच म्हणत नाही. म्हणते, दादा, प्यायचीच असेल तर आधी गोळी घ्या. दारूवर नंतर बोलू. आणि नंतर खरंच बोलतो.

आता मला लॉकडाऊनविषयी सांगायचं आहे, कारण या कामात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक तेव्हाची आहे.

'रंगारी' दिघ्याला डोंगराच्या उतारावर एका खोलीत राहायचे. इमारतींना बाहेरून रंग देण्याचं काम, दोरावर लटकून. माझ्यापेक्षा वयानं मोठे, मी त्यांना दादा म्हणते. खोलीत आणखी तिघं होते, सगळे त्याच कामातले. मार्च २०२० च्या अखेरीस सगळं बंद झालं. गोळ्यांची काळजी नव्हती. सेंटरनं एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्याकडे भरलेल्या बाटल्या होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं, सोबतचे तिघं गावाला निघून गेले, मी एकटाच आहे.

त्या दिवसांत मी आठवड्यातून दोनदा नाही, रोज संध्याकाळी बसत होते. आणि वहीत रोज दहा-बारा वेळा एकच अक्षर पडत होतं, 'उ'. उपास. साहजिकच होतं. सगळी माणसं चोवीस तास घरात, कुणाला बोलायला जागाच नाही. 'उपास आहे ताई' असं म्हटलं की मी ठेवून द्यायचे आणि पुढचा नंबर लावायचे. हाताला सवय लागली.

रंगारी दादांना लावला. "जेवलात का दादा?" "नाही ताई. उपास आहे." ठेवला. वहीत 'उ'. चार दिवसांनी परत. "उपासच आहे, ताई." ठेवला. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा फोन त्यांनी केला. आवाज इतका बारीक की मी रेंज नाही समजून खिडकीशी गेले. ते म्हणाले, "ताई, मी उपास म्हटलं की तुम्ही फोन ठेवता. मी खरंच सांगत होतो."

खोलीत दुसरं कुणी नाही हे मला माहीत होतं. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तरी मी ठेवत होते.

घरात पीठ संपलं होतं. दोन दिवस कुणीतरी खिचडी वाटली, मग ती गाडी येईना झाली. गोळी त्यांनी अकरा दिवस घेतली नव्हती, कारण गोळी गरम पडते, उपाशीपोटी घेतली तर आतडी जळतील असं त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते जपून ठेवलं होतं. भरलेल्या बाटल्या समोर ठेवून माणूस अकरा दिवस थांबला होता, दोन घास मिळतील मग घेऊ म्हणून. रिकाम्या पोटीही चालते, हे एक वाक्य मी शंभर बायकांना नवरात्रात सांगितलं असेल. त्यांना सांगायची वेळ आली नाही, कारण पुरुषांना उपासाचं कशाला सांगायचं, असं माझ्या डोक्यात होतं.

त्या रात्री संस्थेतल्या मुलांनी ऐरोलीतल्या ओळखीच्या माणसाकरवी तांदूळ, डाळ, तेल पोचवलं. गोळी मी फोन चालू असतानाच घ्यायला लावली, पाण्याबरोबर. पुढच्या तपासणीत त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, खालीच होता. ते दैव बरं म्हणून. मी ते माझ्या खात्यावर जमा करू शकत नाही.

त्यानंतर मी कितीतरी दिवस एकच विचार करत होते. समुपदेशक बाईंनी गोळीचं विचारू नका असं का सांगितलं, ते मला कळलं आहे असं मी तीन वर्षं समजत होते. प्रत्यक्षात मी गोळीचंच विचारत होते. शब्द तेवढे जेवणाचे होते. खूण म्हणून निवडलेल्या वाक्याचा मूळ अर्थ मी खोडून टाकला होता.

पुढे एका प्रशिक्षणात दोन अभ्यासांविषयी ऐकलं, ते तेव्हापासून डोक्यातून गेलेले नाहीत. एक केनियातला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली छापून आलेला. त्यात ५३८ लोक होते. निम्म्यांना दवाखान्यातून आठवड्याला एक मेसेज जायचा. मेसेजमध्ये गोळीचं नाव नाही, आजाराचं नाही. फक्त 'मांबो?' म्हणजे त्यांच्या भाषेत, काय, कसं काय? उत्तर दोन दिवसांत द्यायचं, 'सावा' म्हणजे ठीक, 'शिदा' म्हणजे अडचण आहे. अडचण म्हणणाऱ्याला, आणि उत्तर न देणाऱ्यालाही, नर्स स्वतः फोन करायची. मेसेज जाणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांनी गोळ्या नीट घेतल्याचं सांगितलं, बाकीच्यांत ५० टक्क्यांनी. विषाणूही त्यांच्यात जास्त जणांचा आटोक्यात आला.

दुसरा आपल्याकडचा, दक्षिण भारतातला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला, ६३१ लोकांचा. तिथे आठवड्याला यंत्राचा फोन जायचा, रेकॉर्ड केलेला आवाज, शिवाय एक चित्राचा मेसेज. फोन जाणारे आणि न जाणारे, या दोन गटांत फरक पडला नाही.

दोन देश, दोन ठिकाणचे लोक वेगळे, औषधं घ्यायची आधीची शिस्त वेगळी, तेव्हा यावरून एकदम निकाल देऊ नये हे मला कळतं. पण मी स्टुलावर बसणारी बाई आहे आणि मला जे दिसतं ते असं: यंत्राला 'उपास आहे' म्हटलं तर ते फोन ठेवतं. एप्रिलमध्ये मी तेच केलं होतं. केनियातली नर्स उत्तर आलं नाही तरी फोन करत होती. गप्प राहणं हेही तिथे उत्तरच धरलं जात होतं.

तेव्हापासून मी 'उपास' हा शब्द काढून टाकला. जवळ कुणी असेल तर आता म्हणायचं, 'नंतर लावा'. आणि जेवणाचा प्रश्न मी दोनदा विचारते. एकदा खुणेचा. मग थोडं थांबून, काय केलं होतं जेवायला? या दुसऱ्या प्रश्नाला खूण नाही. त्याचं उत्तर कालवण, भाकरी, कधी वडापाव, कधी 'काही नाही'. त्या उत्तरात घर दिसतं. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाचं काम सुटलं, कुणाला घरमालकानं नोटीस दिली, हे सगळं मला गोळीच्या प्रश्नातून कधी कळलं नाही, ते 'आज फक्त चहा-पाव' यातून कळलं. काम सुटलं की दोन आठवड्यांनी गोळी सुटते. आजार कळल्यामुळे नोकरीवरून काढायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याचा आजार दुसऱ्याला सांगणंही कायद्याविरुद्ध आहे. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण तो कुणाला सांगायची वेळ आली आहे, हे आधी कळावं लागतं. रात्री-अपरात्री काही अडलं तर १०९७ हा मोफत नंबर मी सगळ्यांना पाठ करायला लावते.

रंगारी दादांना आता माझी गरज नाही. त्यांनी गोळीची वेळ सकाळच्या चहावर आणली. दोरावर चढायच्या आधी गोळी, मग चहा. मागच्या वर्षी म्हणाले, "ताई, आता तुमचा वेळ दुसऱ्या कुणाला द्या." वहीतली ती ओळ मी खोडली नाही, पुढे रिकामी ठेवली आहे.

त्यांच्या जागी जी आली ती 'हं'.

ती एकोणीस वर्षांची आहे. जन्मापासून पॉझिटिव्ह. आई-वडील दोघंही नाहीत, आजीकडे वाढली. आजी तिला शक्तीची गोळी म्हणून द्यायची. तेराव्या वर्षी सेंटरवर तिला खरं सांगितलं गेलं. मोठ्या माणसांना गोळी सुरू करायला शिकवावं लागतं. या मुलांचं वेगळं आहे. ती शिकायच्या आधीपासून गोळी घेत आलेली असतात, आणि अठरा-एकोणीसला एक दिवस त्यांना याचा उबग येतो. मैत्रिणी रात्री बाहेर राहतात, हिला पर्समध्ये बाटली. तिनं गेल्या पावसाळ्यात पूर्ण दोन महिने सोडल्या. माझा फोन तिनं मागितलेला नाही, आजीनं गळ घातली म्हणून तिनं हो म्हटलं.

पहिले सहा महिने ती फक्त 'हं' म्हणायची. मावशी बोलतेय. हं. जेवलीस का? हं. काय केलं होतं आजीनं? उत्तर नाही. मी समोर बसलेल्या मुलीशी बोलावं तसं काहीबाही बोलायचे. आज कोथिंबीर किती महाग झाली, आमच्या बिल्डिंगचं पाणी कसं गेलं. ती फोन ठेवायची नाही. बोलायचीही नाही. मागे कधी लोकलमधली अनाउन्समेंट ऐकू यायची, कधी टीव्ही. मी तिला कधीच म्हटलं नाही की बोल गं काहीतरी. भरपूर लोक तिच्याशी बोलत होते, आणि सगळ्यांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं.

गेल्या शुक्रवारी तिला शेवटी लावला, पावणेनऊला. मावशी बोलतेय. हं. जेवलीस का?

हं आलं नाही. मी थांबले. तिकडे पंख्याचा आवाज येत होता, आजी लांबून काहीतरी विचारत होती. मग अगदी फोनच्या जवळ, माझ्या कानाशी, बाटली खुळखुळली. कापूस नव्हता आत. दोनदा खुळखुळली. झाकण फिरलं. पाण्याचा एक घोट, मग दुसरा.

मग तिनं फोन ठेवला.